चिमणाजी बल्लाळ आणि ठाण्याची खाडी : पेशवे घराण्यातील भाऊपणाचा राजकीय अर्थ

१

अठराव्या शतकातील मराठी राजकारणाची कागदपत्रे चाळणाऱ्यास एक विशेष तत्काळ जाणवतो. राज्याचा कारभार ज्यांच्या हाती होता त्यांचा उल्लेख पदाने क्वचित, घरच्या हाकेच्या नावाने मात्र वारंवार आढळतो. राऊ, अप्पा, नाना, भाऊ, दादा ही सर्व माजघरातील नावे होत. त्यांपैकी काही नात्यांचेच वाचक शब्द आहेत. ‘अप्पा’ हा शब्द तर कानडीतील पितृवाचक शब्दाशी संबद्ध असून मराठीत तो वडीलधाऱ्याचे किंवा लाडक्याचे संबोधन म्हणून रुळला. एखाद्या घरातील संबोधने जेव्हा दरबारी व्यवहाराची, तहाची आणि मोहिमेची नावे होतात, तेव्हा ते घर आणि ते राज्य यांमधील सीमारेषा पुसट झाली आहे असे समजण्यास हरकत नाही. पेशव्यांच्या बाबतीत नेमके हेच घडले. म्हणून त्यांच्या घराण्यातील नात्यांचा इतिहास हा केवळ कौटुंबिक कुतूहलाचा विषय राहत नाही; तो राज्याच्या बळाबळाचा इतिहास ठरतो.

या दृष्टीने बाळाजी विश्वनाथ भट याचा धाकटा पुत्र चिमणाजी बल्लाळ, म्हणजेच चिमाजी अप्पा, याचे चरित्र विशेष बोधप्रद आहे. वसईचा विजेता म्हणून त्याचे नाव सर्वपरिचित आहे. परंतु वसईच्या तटावरील पराक्रमाच्या तेजात त्याच्या आयुष्यातील एक साधी गोष्ट झाकली गेली. तो जन्मभर धाकटा भाऊ राहिला. प्रधानपद त्याचे नव्हते आणि त्याने ते कधी मागितल्याचा पुरावा नाही. तरीही १७२० ते १७४० या वीस वर्षांत पेशवाई नावाची जी सत्ता उभी राहिली, ती एका पुरुषाची नसून दोन भावांची होती. या विधानाची कसोटी घेण्यास ठाणे, कल्याण आणि त्यांना जोडणारी उल्हास नदीची खाडी यांच्याइतके योग्य स्थळ दुसरे नाही. कारण साष्टीचे बेट भावांच्या एकोप्याने जिंकले गेले आणि त्याच घराण्याच्या भाऊबंदकीत, सदतीस वर्षांनी, ते गमावले गेले.

२

भटांचे घराणे मूळचे कोकणातील श्रीवर्धनचे. जंजिऱ्याच्या सिद्दीच्या जाचामुळे बाळाजी विश्वनाथास देश जवळ करावा लागला, ही हकीकत प्रसिद्ध आहे. त्याची पत्नी राधाबाई ही बर्वे घराण्यातील. थोरला पुत्र बाजीराव १७०० साली आणि धाकटा चिमणाजी १७०७ च्या सुमारास जन्मला. भिऊबाई आणि अनुबाई या दोघी कन्यांपैकी पहिली बारामतीच्या आबाजी नाईक जोशी यांच्या घरी व दुसरी इचलकरंजीच्या व्यंकटराव घोरपडे यांच्या घरी दिली होती. एक सोयरीक सावकारीतील, दुसरी सरदारीतील. कर्ज आणि फौज या दोन गोष्टींवाचून त्या काळचे राजकारण चालत नसे, हे ध्यानी घेतले म्हणजे या विवाहसंबंधांचे मोल कळते.

चिमाजीचा स्वतःचा संसार मात्र फारसा सुखाचा नव्हता. त्याची पहिली पत्नी रखमाबाई ही पेठे घराण्यातील. पुढे प्रसिद्धीस आलेल्या त्रिंबकराव मामा पेठे याची ती बहीण. १७३० च्या ऑगस्टमध्ये तिला सदाशिव हा पुत्र झाला आणि त्यानंतर महिनाभरातच ती निवर्तली. आईवेगळ्या या मुलाचे संगोपन मुख्यतः आजी राधाबाईने केले. पित्याची दुसरी पत्नी अन्नपूर्णाबाई. स्वतः चिमाजीची प्रकृती नाजूक होती आणि खोकल्याच्या विकाराने त्यास पुढे क्षयापर्यंत नेले. अशा प्रकृतीच्या पुरुषाने घाट चढून-उतरून दोन दशके मोहिमा केल्या, ही गोष्ट त्याच्या स्वभावावर पुरेसा प्रकाश टाकते.

‘चिमणाजी बल्लाळ’ या नावाची घडण पाहण्यासारखी आहे. ‘चिमणा’ म्हणजे लहानगा. तेव्हा धाकटेपण त्याच्या नावातच आले आहे. ‘बल्लाळ’ हे ‘बाळाजी’ या पितृनामाचे रूप असून तेच थोरल्याच्या नावापुढेही येते. बाजीराव बल्लाळ आणि चिमणाजी बल्लाळ अशी ही दोन नावे एका पित्याने बांधलेली आहेत. बाजीरावाच्या नावापुढे ‘पंडित प्रधान’ हा अधिकार लागतो, चिमणाजीच्या नावापुढे तो लागत नाही. दोघांमधील फरक एवढाच आणि तो धाकट्याने कधी ओलांडला नाही.

३

१७२० च्या एप्रिलमध्ये बाळाजी विश्वनाथाच्या मृत्यूनंतर शाहू छत्रपतींनी प्रधानपदाची वस्त्रे बाजीरावास दिली. त्या वेळी चिमाजी अवघा तेरा-चौदा वर्षांचा होता. पुढील काळात दोघांच्या कामांची जी वाटणी झाली ती कोणत्याही सनदेत लिहिलेली नाही. परंतु घटनांच्या क्रमातून ती स्पष्ट दिसते. एक भाऊ एका आघाडीवर गुंतला की दुसऱ्याने दुसरी सांभाळावी, आणि साताऱ्याच्या दरबारात पेशव्यांविरुद्ध काही शिजू लागल्यास धाकट्याने तेथे लक्ष घालावे, असा तो प्रघात होता.

१७२८ हे वर्ष याचे उत्तम उदाहरण होय. फेब्रुवारीत बाजीरावाने पालखेड येथे निजामास कोंडले. नोव्हेंबरात चिमाजीने माळव्यात अमझेरा येथे गिरिधर बहादूर आणि दया बहादूर या मोगल सरदारांचा पाडाव केला. दोघेही सरदार रणांगणावर पडले आणि माळव्याचे दार उघडले. १७३६ च्या एप्रिलमध्ये चिमाजीने कुलाब्याच्या बाजूस रेवासनजीक सिद्दी सात यास युद्धात मारले. ज्या सत्तेने भटांना श्रीवर्धन सोडावयास लावले होते, त्या सत्तेचा हा पराभव धाकट्या पुत्राच्या हातून व्हावा, यात एक घरगुती न्यायही होता. १७३७ च्या अखेरीस बाजीराव भोपाळजवळ निजामाशी झुंजत असताना दक्षिणेतून नासिरजंगाची कुमक पित्यास मिळू नये, म्हणून चिमाजी खानदेशात तापीच्या बाजूस ठाण मांडून होता. भोपाळचा जय बाजीरावाचा. पण त्या जयाची पाठ राखणारा चिमाजी होता.

याच सुमारास इंग्लंडमध्येही दोन भावांचे एक राज्यकारण चालू होते. न्यूकासलचा ड्यूक टॉमस पेलम-होलिस हा थोरला आणि हेन्री पेलम हा धाकटा. येथे मात्र धाकटा भाऊ १७४३ मध्ये प्रधानमंत्री झाला आणि सरदारकी, जमीनजुमला व आश्रितांचे जाळे थोरल्याकडे राहिले. दोघांत वारंवार खटके उडत. तरी १७५४ मध्ये धाकट्याच्या मृत्यूपर्यंत ती जोडी टिकली. थोरल्याने पुढे प्रधानपद घेतले, परंतु धाकट्यावाचून त्याची जी त्रेधा झाली ती प्रसिद्धच आहे. तुलनेत साम्य बरेच आहे, पण भेद अधिक महत्त्वाचा. न्यूकासल निपुत्रिक होता; त्याच्या घराण्याचे काय होणार या प्रश्नाशी ब्रिटनच्या प्रधानपदाचे काय होणार हा प्रश्न बांधलेला नव्हता. पार्लमेंट, खजिना आणि राजाची मर्जी ही त्या पदाची खरी अधिष्ठाने होती. पेशवाईत उलट घडत होते. बाळाजी विश्वनाथानंतर पुत्र आणि त्यानंतर नातू, अशा क्रमाने प्रधानपद वंशपरंपरागत होत गेले. पद हेच घर बनले. साहजिकच घराचे सुख हे राज्याचे सुख आणि घराचा कलह हा राज्याचा कलह ठरणार होता.

४

आता खाडीकडे वळू. १७२० च्या सुमारास कल्याण मराठ्यांच्या ताब्यात आले. कल्याणहून उल्हास नदीची खाडी आजच्या डोंबिवलीच्या उत्तर अंगाने, भिवंडीकडील अंजूर-काल्हेर या गावांना उजवीकडे ठेवून ठाण्यास पोहोचते. या खाडीच्या मुखाशी ठाणे आणि त्यापलीकडे साष्टीचे बेट. ‘साष्टी’ हे नाव ‘षट्षष्टि’, म्हणजे सहासष्ट गावांचा समूह, यावरून आल्याचे सांगतात. ‘ठाणे’ हा शब्द ‘स्थान’ शब्दाचा वंशज. पोर्तुगीजांच्या उत्तर प्रांताचे मुख्य केंद्र वसई होते आणि ठाणे हा त्याचा पूर्वेकडील दरवाजा. त्या दरवाज्यास अडसर नाही हे ओळखून पोर्तुगीजांनी तेथे किल्ल्याचे काम आरंभिले होते. परंतु १७३७ मध्ये ते अपुरेच होते. आज ज्या तटांच्या आत ठाण्याचे मध्यवर्ती कारागृह आहे तोच हा किल्ला.

मोहिमेची प्रेरणा केवळ पुण्याहून आली नाही. पोर्तुगीजांच्या धार्मिक सक्तीने आणि वतनांवरील दडपणाने त्रस्त झालेली स्थानिक घराणी आधीपासून पेशव्यांकडे खेपा घालीत होती. मालाडचा अंताजी रघुनाथ हा त्यांपैकी एक. अंजूरच्या गंगाजी नाईकाचे आणि त्याच्या भावांचे स्थान यांत विशेष होय. साष्टीच्या बखरीत या नाईक बंधूंच्या कामगिरीस मोठा वाव मिळाला आहे. खाडीचे उतार, भरती-ओहोटीच्या वेळा, कोणत्या चौकीवर किती लोक याची माहिती पुण्याच्या फडावर मिळणारी नव्हती. ती अशाच लोकांकडून मिळाली. एका भाऊजोडीच्या मोहिमेस दुसऱ्या भावांचा असा आधार लाभला.

१७३७ च्या एप्रिलच्या आरंभी (जुन्या गणनेप्रमाणे मार्चच्या अखेरीस) मराठी फौजा खाडी उतरून साष्टीत शिरल्या. चिमाजीच्या सूत्रचालनाखाली शंकराजी केशव फडके, खंडोजी माणकर, रामचंद्र हरी पटवर्धन इत्यादी सरदार निरनिराळ्या ठिकाणी तुटून पडले. अपुऱ्या तटबंदीचे ठाणे अल्पावधीत पडले आणि पोर्तुगीजांचा उत्तरेकडील अधिकारी करंज्याकडे निघून गेला. साष्टीचा बहुतेक भाग हाती आला. वसई मात्र त्या वर्षी आली नाही. १७३८ च्या अखेरीस पेद्रु द मेलु या पोर्तुगीज सेनानीने गलबतांतून येऊन ठाणे परत घेण्याचा यत्न केला. तोफेच्या गोळ्याने तो ठार झाला आणि ठाणे मराठ्यांकडेच राहिले.

१७३९ च्या आरंभी चिमाजी स्वतः कोकणात उतरला. माहीम, तारापूर ही ठाणी घेत फेब्रुवारीपासून वसईस वेढा पडला. तारापुरास बाजी भीवराव रेठरेकर पडला. वसईचा तट सुरुंगांनी फोडावा, खिंडारात शिरावे, मागे रेटले जावे आणि पुन्हा शिरावे, असे हे भीषण युद्ध होते. याच वेळी नादिरशहाने दिल्ली लुटली होती आणि उत्तरेकडील संकटाच्या भीतीने बाजीराव भावास मोहीम लवकर आटोपण्याविषयी लिहीत होता. चिमाजीने वेढा उठविला नाही. १६ मे १७३९ रोजी शरणागतीचा करार झाला आणि त्यानंतर आठवड्याभरात पोर्तुगीज वसई सोडून गेले. ज्यांना जावयाचे त्यांना चीजवस्तूसह जाऊ देणे आणि जे राहतील त्यांना धर्माचरणाची मुभा देणे, या करारातील गोष्टी त्या काळाच्या युद्धनीतीत नोंद घेण्याजोग्या आहेत. जुलैत मुंबईच्या इंग्रजांनी कॅप्टन इंचबर्ड याच्या मध्यस्थीने चिमाजीशी व्यापाराचा तह केला. साष्टीच्या बेटावरील नवा शेजारी आता माहीमच्या खाडीपर्यंत येऊन ठेपला होता, हे मुंबईकरांनी ओळखले.

या यशाचे वर्णन करताना पराक्रमाचा उच्चार होतो तसा त्यामागील विश्वासाचाही व्हावयास हवा. दोन वर्षे पेशवाईची एवढी फौज, एवढा पैसा आणि एवढे दारूगोळ्याचे साहित्य एका भावाच्या हाती होते, आणि दुसरा भाऊ नर्मदेपलीकडे होता. धाकट्याच्या हाती एवढी शक्ती देऊन निश्चिंत राहता यावे, हे बाजीरावाचे भाग्य. ती शक्ती मिळूनही धाकटेच राहावे, हे चिमाजीचे मोठेपण.

५

ही जोडी ताणाशिवाय चालली असे मात्र नाही. १७३९-४० मध्ये मस्तानीच्या प्रकरणात घरातील मंडळींनी तिच्यावर बंधन घातले आणि पुण्यातील वडील पुरुष म्हणून चिमाजीचा त्यात भाग होता. भावाचे मन एकीकडे, आई, पुतण्या आणि समाज दुसरीकडे, अशा कोंडीत तो सापडला. त्याच महिन्यांत नासिरजंगाविरुद्धच्या मोहिमेत मात्र तो बाजीरावाबरोबर होता. घरातील दुखावा रणात नेऊ नये एवढे भान दोघांनीही राखले.

१७४० च्या एप्रिलमध्ये चिमाजी पुतण्या नानासाहेबासह कुलाब्यास होता. कान्होजी आंग्र्याच्या पुत्रांत, मानाजी आणि संभाजी यांच्यात, जे वैर पेटले होते त्यात मानाजीचा पक्ष राखण्यासाठी तो गेला होता. दुसऱ्यांच्या भावांचे भांडण निस्तरत असतानाच त्यास स्वतःचा भाऊ २८ एप्रिल रोजी नर्मदाकाठी रावेरखेडी येथे निवर्तल्याची बातमी आली. प्रधानपद त्याने मागितले असते तर साताऱ्यात त्यास अनुकूल असे कान सापडले नसते असे नाही. परंतु त्याने पुतण्याचा हात धरला, आणि पदाची वस्त्रे नानासाहेबास मिळाली. त्यानंतर सहा महिने उलटतात न उलटतात तोच, १७ डिसेंबर १७४० रोजी, चिमाजीही क्षयाने मरण पावला. अन्नपूर्णाबाई सती गेली. पुण्यास ओंकारेश्वरी त्याची समाधी दाखवितात.

६

पुढील पिढीने हीच रचना चालू ठेवण्याचा यत्न केला. बाजीरावाचा पुत्र नानासाहेब पदावर आणि चिमाजीचा पुत्र सदाशिवराव कारभारात, अशी चुलतभावांची जोडी बनली. १७५० मध्ये तिला पहिला तडा गेला. कारभाराचा अधिकार आपणास मिळावा हा सदाशिवरावाचा आग्रह आणि कोल्हापूरकरांनी त्यास पुढे केलेले पेशवेपद यांमुळे फूट अटळ दिसत होती; महादोबा पुरंदरे बाजूस झाले, भाऊस कारभार मिळाला आणि प्रसंग निभावला. येथे एक भेद लक्षात घ्यावा. चिमाजीने जे न मागता केले ते त्याच्या पुत्रास मागून घ्यावे लागले. नात्यावर चालणारी व्यवस्था नियमांवर आणण्याची ही वेळ होती. परंतु प्रसंग टळला आणि नियम झाला नाही. १७६१ च्या जानेवारीत पानिपतावर भाऊ पडला आणि त्याच वर्षी नानासाहेबही गेला.

कल्याणचा कारभार या काळात स्थिरावत होता. कोकणचा सरसुभेदार रामाजी महादेव बिवलकर याचे वास्तव्य कल्याणास होते. ठाण्याच्या कौपिनेश्वराच्या देवळाच्या उभारणीशी आणि कल्याणच्या सुभेदारवाड्याशी त्याचे नाव निगडित आहे. ‘सरसुभेदार’ या पदनामाची घडण फारशी, माणूस चित्पावन आणि मुलूख पूर्वी पोर्तुगीजांचा. या एका पदात खाडीकाठचा तीन शतकांचा इतिहास साठला आहे. खाडी आता सीमा राहिली नव्हती. कल्याण आणि ठाणे एकाच सत्तेच्या अंमलात होते.

हे ऐक्य मोडले ते पुणेकरांच्या वाड्यातील रक्तपाताने. ३० ऑगस्ट १७७३ रोजी नारायणराव पेशव्याचा खून झाला. संशय चुलता रघुनाथराव याजवर आला; बारभाईंनी त्याच्याविरुद्ध कारस्थान उभारले आणि १७७४ च्या अखेरीस तो इंग्रजांच्या आश्रयाच्या शोधात होता. मुंबईकरांची मागणी ठरलेली होती : साष्टी आणि वसई. रघुनाथरावाने आरंभी ती नाकारली, हे त्याच्या बाजूने सांगितले पाहिजे. काकाने जिंकलेला मुलूख देण्यास त्याचे मन धजेना. परंतु घर फुटले आहे हे पाहिल्यावर इंग्रजांनी उत्तराची वाट पाहिली नाही. पोर्तुगीजांचे आरमार साष्टी परत घेण्यास येत असल्याची वार्ता हे निमित्त झाले. डिसेंबर १७७४ च्या अखेरीस जनरल गॉर्डनच्या फौजेने ठाण्याच्या किल्ल्यावर हल्ला केला. कमोडोर वॉटसन प्राणघातक जखमी झाला, खंदक भरण्याचा पहिला यत्न फसला. दुसऱ्या दिवशी किल्ला पडला आणि आतील शिबंदीची मोठी कत्तल झाली. ६ मार्च १७७५ रोजी सुरतेच्या तहाने रघुनाथरावास साष्टी व वसई यांचा त्याग मान्य करावा लागला. १७८० मध्ये कल्याण आणि वसईही इंग्रजांनी घेतली. १७ मे १७८२ च्या सालबाईच्या तहाने वसई परत मिळाली. कल्याणावर मराठ्यांचा अंमल पुन्हा बसला. साष्टी मात्र परत आली नाही. पंचेचाळीस वर्षांनी खाडी पुन्हा सीमा झाली.

७

मराठीत ‘भाऊबंद’ आणि ‘भाऊबंदकी’ असे दोन शब्द आहेत. पहिल्यात आधार आहे, दुसऱ्यात वैर. आणि दोहोंमध्ये अंतर केवळ एका प्रत्ययाचे. भाषेने हे दोन अर्थ एका धातूत राखले, कारण समाजाने ते एका घरात पाहिले होते. ज्या नात्याच्या बळावर बाजीराव आणि चिमाजी यांनी वीस वर्षांत सत्ता उभारली, त्याच नात्याच्या विघटनाने तिचा पाया ढासळला. दोष केवळ रघुनाथरावाच्या लोभाचा नव्हे. दुसऱ्या पुरुषाचे स्थान काय, त्याचा अधिकार किती आणि तो कोणास उत्तरदायी, याचा नियमच झाला नव्हता. पहिल्या पिढीत ते स्थान एका मनाच्या समंजसपणाने भरून काढले. पुढे तसे मन लाभले नाही तेव्हा ती पोकळी उघडी पडली.

याची परिसीमा १७९६ मध्ये झाली. रघुनाथरावाच्या पुत्रांची नावे बाजीराव आणि चिमाजी हीच होती. घराण्याने नावे जपली होती. पण त्या वर्षी कारभाऱ्यांनी धाकट्या चिमाजीस थोरल्या बाजीरावाच्या विरुद्ध पेशवाईच्या गादीवर बसविले. काही महिन्यांतच ती व्यवस्था कोसळली आणि दुसरा बाजीराव पेशवा झाला. सहा वर्षांनी, ३१ डिसेंबर १८०२ रोजी, त्याने इंग्रजांशी तैनाती फौजेचा तह केला. तो तह झाला वसईस, पहिल्या चिमाजीने जिंकलेल्या त्याच वसईस.

पालघर जिल्हा २०१४ मध्ये स्वतंत्र झाल्यापासून वसई आणि ठाणे हे निरनिराळ्या जिल्ह्यांत आहेत. कल्याण-डोंबिवलीची वस्ती खाडीच्या काठापर्यंत पोहोचली आहे. या भागातील इतिहासाच्या अभ्यासकाने वसईच्या तटाबरोबर ठाण्याचा तटही वाचावा. वसईत चिमाजीचा पराक्रम दिसतो. ठाण्याचा किल्ला एकदा त्याच्या घराण्याच्या एकीने मिळाला आणि एकदा दुहीने गेला. म्हणून त्या घराण्याचा पुरा हिशेब तेथेच मिळतो.